ट्रॉलीचा जॅक : त्याची जागा, बांधणी आणि निगा

गळीत हंगाम तोंडावर आला की आपण ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामे काढतो. ऑइल बदलतो, टायर बघतो, बेअरिंगला ग्रीस भरतो, हुक आणि पिन तपासतो. या यादीत एक वस्तू बहुधा राहून जाते. ती म्हणजे जॅक. गेल्या हंगामात तो जिथे टाकला, तिथेच तो पडलेला असतो. त्याची आठवण होते ती थेट रात्री अकरा वाजता, भरलेल्या ट्रॉलीचा टायर बसल्यावर. ड्रायव्हर विचारतो, "जॅक कुठं हाय रं?" उत्तर येते, "ट्रॉलीत आसंल की." ट्रॉलीत म्हणजे कुठे? तर आठ-दहा टन उसाच्या खाली!

मग दुसऱ्याचा जॅक मागून आणायचा, मिळेल तो लावायचा, खाली मिळेल तो दगड द्यायचा आणि अंधारात ट्रॉलीखाली शिरायचे. ऊस वाहतुकीतले वाईट प्रसंग अशा वेळी घडतात. म्हणून या लेखात दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, जॅकला गाडीवर ठरलेली, पक्की आणि कोरडी जागा पाहिजे. दुसरी, जॅक हा वजन उचलण्यासाठी आहे, उचललेले वजन धरून ठेवण्यासाठी नाही. बाकी सगळे या दोन गोष्टींचाच विस्तार आहे.

१. आपल्या कामाचा जॅक कोणता?

आपल्याकडे तीन प्रकारचे जॅक दिसतात.

पहिला आट्यांचा म्हणजे स्क्रू जॅक. यात जाड आट्यांचा दांडा फिरवून वर चढवतात. आटे कमी चढाचे असल्यामुळे वजन पडले तरी तो आपोआप उलटा फिरत नाही. चालवायला जड, पण स्वभावाने भरवशाचा. त्याला तेल गळण्याची भीती नाही, मात्र आट्यांत माती गेली की आटे झिजतात.

दुसरा तेलाचा म्हणजे हायड्रॉलिक जॅक. आकारावरून त्याला बाटली जॅकही म्हणतात. त्याच्यामागचे तत्त्व पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडले. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने त्यावर दाबयंत्र काढले, आणि हाताने नेता येईल असे रूप पुढे १८५१ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाले. हिशेब सोपा आहे. समजा पंपाचा लहान दट्ट्या १.२ सेंटिमीटर व्यासाचा आणि उचलणारा मोठा दट्ट्या ३.६ सेंटिमीटर व्यासाचा आहे. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. दांडीच्या तरफेने आणखी वीसपट जोर मिळाला तर २० किलोच्या दाबाचे २० × २० × ९ म्हणजे ३,६०० किलो होतात. घर्षणात थोडे जाते. एक माणूस साडेतीन टन उचलतो तो असा. पण हे सगळे वजन तेलावर आणि रबरी वॉशरवर उभे असते, हे विसरायचे नाही. वॉशर फाटला किंवा झडपेत कचरा अडकला की वजन खाली येते, आणि ते सांगून येत नाही.

तिसरा उंच दांड्याचा, भोकाभोकांनी वर चढणारा जॅक. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमफील्ड गावी १९०५ पासून तो बनतो आणि तिकडे शेतकऱ्यांचा जॅक म्हणूनच ओळखला जातो. आपल्याकडे हौशी जीपवाल्यांकडे तो दिसतो. त्याविषयी पुढे वेगळे सांगितले आहे.

उसाच्या ट्रॉलीला किती टनी जॅक लागेल? चार चाकी ट्रॉलीत १० टन ऊस आणि ट्रॉलीचे स्वतःचे २.५ टन धरले तर एका चाकावर सरासरी ३.१ टन येतात. पण ट्रॉली एका अंगाला कलली किंवा ऊस एका बाजूला जास्त भरला असला की त्याच चाकावर चार टनांहून अधिक भार येतो. म्हणून १० टनी जॅक घ्यावा. मोटारीचा दोन टनी जॅक "चालतंय की" म्हणून लावणे म्हणजे पोरकटपणा आहे. विकत घेण्याआधी आणखी एक माप घ्या. टायर पूर्ण बसल्यावर आसाखाली किती जागा उरते ते पाहा. त्या जागेत फळीसकट जॅक शिरला पाहिजे. उंच जॅक घेतला तर तो टायरमध्ये हवा असतानाच बसतो, आणि हवा असताना आपल्याला जॅक लागतच नाही.

२. जॅक मोकळा का ठेवू नये?

ड्रायव्हरच्या पायाशी, मडगार्डवर, ट्रॉलीच्या दांड्यावर दोरीने लटकवून, अशा ठिकाणी जॅक आपण रोज पाहतो. त्यात तीन धोके आहेत.

पहिला, तो उडतो. ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटरने चालला असताना एकदम थांबला, तर १२ किलोचा मोकळा जॅक त्याच वेगाने पुढे जातो. तो धडकतो तो अडीच मीटर उंचीवरून पडल्यासारखा. ड्रायव्हरच्या घोट्यावर किंवा पाठीवर तो बसला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. पायाशी ठेवलेला जॅक ब्रेकच्या पायट्याखाली सरकला तर त्याहून वाईट.

दुसरा, तो बिघडतो. तेलाचा जॅक आडवा पडून हादरे खात राहिला की तेल गळते आणि पंपात हवा शिरते. मग गरजेला दांडी मारत राहा, दट्ट्या वर येत नाही. ड्रायव्हर म्हणतो जॅक खराब निघाला. जॅक खराब नसतो, त्याचे ठेवणे खराब असते.

तिसरा, तो हरवतो. गाडीतळावर रात्रभर नंबर लागण्याची वाट बघत शंभर गाड्या उभ्या असतात. मोकळा जॅक सकाळी जागेवर सापडेलच असे नाही.

३. जागा कोठे निवडावी?

अवजड हत्यार वाहनावर कसे न्यावे याचा धडा जुन्या लढाऊ जीपकडून घेता येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपवर फावडे आणि कुऱ्हाड आत टाकत नसत. बाहेरच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूस, पट्ट्याने आणि खोबणीत घट्ट बांधत. आत बसलेल्याला इजा नाही आणि हात घातला की हत्यार मिळाले. आपल्या ट्रॉलीलाही हाच विचार लागू आहे.

आमच्या मते सर्वांत चांगली जागा म्हणजे पहिल्या ट्रॉलीच्या पुढच्या भागातली, डाव्या अंगाची चासी. तिची कारणे अशी :

• आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. जॅक डावीकडे असला की तो काढताना माणूस कडेला उभा राहतो, वाहनांच्या ओघात नाही. उजवीकडची पेटी रात्री जीव घेऊ शकते.

• ती जागा हौद्याच्या खाली असल्याने कितीही ऊस भरला तरी जॅक मिळतो.

• उंची कमरेच्या आसपास येते. १२ किलोची वस्तू डोक्यावरून काढणे किंवा जमिनीलगत वाकून ओढणे, दोन्ही पाठीला वाईट.

जागा नक्की करण्यापूर्वी चार गोष्टी तपासा. ट्रॅक्टर पूर्ण वळवून पाहा, मागचे मोठे चाक वळणात ट्रॉलीच्या दांड्याजवळ येते ते पेटीला घासता कामा नये. ब्रेकचा किंवा हायड्रॉलिकचा पाइप जवळून जात असेल तर जागा बदला. पेटी हौद्याच्या बाहेर डोकावता कामा नये, कारण केन यार्डात मोळ्या उचलताना साखळी किंवा तारेचा दोर तीत अडकतो आणि पेटी उपटून निघते. शेवटची गोष्ट, पेटी आसापेक्षा खाली लोंबू देऊ नका. फडातून निघताना वरंबे, पाट आणि बांध ओलांडायचे असतात.

दोन ट्रॉल्या जोडणाऱ्यांनी जॅक पहिल्या ट्रॉलीवरच ठेवावा. पण हंगामात ट्रॉल्यांची अदलाबदल होत असेल, तर जॅकची पेटी ट्रॅक्टरवर बसवणे बरे. जॅक तिकडे आणि पंक्चर इकडे, असे होऊ नये.

४. पेटी आणि बांधणी

गावच्या वेल्डिंगवाल्याकडून एका दिवसात होणारे हे काम आहे. तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची पेटी करावी. जॅक उभा मावेल आणि वर चार बोटे जागा राहील एवढी उंची ठेवावी. पेटीच्या तळाला जॅकच्या बैठकीच्या मापाची पट्टीची चौकट वेल्ड करावी, म्हणजे बैठक त्यात बसते आणि जॅक सरकत नाही. चौकटीत जुन्या टायरचा तुकडा कापून घालावा. हादरा रबर खाते, जॅक खात नाही. वरच्या बाजूस लोखंडी पट्टी आणि पंखाचा नट लावून जॅकची मान आवळावी. खाली बैठक आणि वर मान, अशा दोन ठिकाणी धरलेली वस्तूच गाडीवर टिकते. एका ठिकाणी बांधलेली वस्तू झोके घेते आणि बांधणीच तोडते.

तळाला बोटभर दोन भोके ठेवा. पाणी शिरायचे ते शिरणारच, ते बाहेर गेले पाहिजे. झाकणाला कडी-कोयंडा आणि कुलूप हवे. कुलपाची किल्ली ट्रॅक्टरच्या किल्लीच्याच कडीत अडकवा. किल्ली मालकाच्या घरी आणि ट्रॉली दहा कोसांवर, असे झाले तर पेटीचा उपयोग काय?

पेटी चासीला जोडताना चॅनेलच्या वरच्या-खालच्या ओठाला भोक पाडू नका आणि तिथे वेल्डिंगही नको. सर्व ताण त्या ओठांवरच येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. चॅनेलला वळसा घालणारे यू-बोल्ट वापरावेत. भोक पाडावेच लागले तर चॅनेलच्या उभ्या भागात, मध्यावर पाडावे. प्रत्येक बोल्टला स्प्रिंग वॉशर आणि दुसरा चेकनट लावा. पहिल्या दोन खेपांनंतर सर्व नट पुन्हा आवळा, नवी बांधणी थोडी बसतेच. पेटी ट्रॅक्टरवर वेल्ड करायची असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, नाहीतर अल्टरनेटर जळतो.

टायर-ट्यूबची पट्टी किंवा सुंभाची दोरी हा कायमचा बंदोबस्त नव्हे. उन्हाने ट्यूब तडकते, उसाच्या रसाने दोरी कुजते.

५. जीपवरचा उंच जॅक

ज्यांच्याकडे जीप आहे आणि हा जॅक आहे त्यांच्यासाठी थोडे. १.२ मीटर लांबीचा हा जॅक सुमारे १३ किलो भरतो. तो बंपरच्या बाहेर डोकावेल असा बांधू नये, रस्त्यावरच्या माणसाला तो भाल्यासारखा लागतो. मागच्या बाजूस किंवा हौद्याच्या कडेला, दोन पक्क्या पकडीत, आडवा आणि दांडी मुख्य दांड्याला बांधून ठेवावा. त्याच्या वर चढणाऱ्या खिट्ट्या उघड्या असतात. धुरळा बसला की त्या भोकात नीट शिरत नाहीत. म्हणून तेवढ्या भागाला जाड कापडाची किंवा कॅनव्हासची टोपी शिवून घाला, आणि वापरण्यापूर्वी खिट्ट्या रॉकेलने पुसून पातळ तेलाचा थेंब द्या. ग्रीस थापू नका, त्याला माती चिकटते.

हा जॅक चालवताना डोके आणि हनुवटी कधीही दांडीच्या फिरण्याच्या मार्गात आणू नका. भाराखाली हात सुटला तर दांडी जोराने उलटी येते. उतरवताना त्यावर पुरेसे वजन नसेल तर तो पायरीपायरीने न उतरता एकदम घसरतो. भरलेल्या उसाच्या ट्रॉलीला हा जॅक लावू नये. त्याचे ते काम नाही.

६. जॅकचे सोबती

जॅक एकटा ठेवू नका. पेटीत किंवा पेटीशेजारी हे साहित्य कायम असावे : जॅकची दांडी, व्हीलपाना व त्याला लावायचा लांब पाइप, चाकाला लावायच्या चार लाकडी पाचरी, एक बैठकीची फळी, सहा-आठ लाकडी ठोकळे, बॅटरी आणि लाल रिफ्लेक्टर.

यातली फळी लोकांना किरकोळ वाटते. हिशेब करून पाहा. १२ × १२ सेंटिमीटर बैठकीचा जॅक चार टन उचलत असेल तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २८ किलो दाब येतो. आपल्या ओल्या काळ्या जमिनीत तो जॅक ट्रॉली उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो. तोच जॅक ४५ × ४५ सेंटिमीटरच्या फळीवर ठेवला तर दाब दोन किलोवर येतो. फळी बाभळीची करावी. चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या फळ्यांचे दोन थर एकमेकांवर आडवे-उभे घालून खिळे-बोल्टने जोडावेत. पातळ फळी मधोमध मोडते आणि जॅक तिरका होतो. तिरका जॅक म्हणजे सुटलेला जॅक, मग त्यावर १० टन लिहिलेले असो की २० टन.

७. प्रत्यक्ष चाक बदलताना

(अ) ट्रॉली शक्य तितकी रस्त्याच्या कडेला, कठीण व सपाट जागी घ्या. ट्रॅक्टर सोडवू नका. विशेषतः दोन चाकी ट्रॉलीचा तोल ट्रॅक्टरच्या हुकावरच असतो. इंजिन बंद, गिअर घातलेला, हँडब्रेक ओढलेला आणि किल्ली आपल्या खिशात.

(आ) मागे बऱ्याच अंतरावर रिफ्लेक्टर आणि शक्य असल्यास बॅटरी घेऊन एक माणूस उभा करा. हे काम जॅक काढण्याच्या आधी.

(इ) उरलेल्या चाकांना पुढून-मागून पाचरी लावा.

(ई) चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करा. उचललेल्या ट्रॉलीवर पाइप लावून जोर करणे म्हणजे ती जॅकवरून ढकलण्यासारखे आहे.

(उ) जॅक आसाखाली, चाकाच्या शक्य तितका जवळ लावा. कमानपाट्याखाली किंवा हौद्याच्या पत्र्याखाली नको. लोखंडावर लोखंड घसरते, त्यामुळे आस गोल असेल तर खोबणीचे डोके असलेला जॅक वापरा.

(ऊ) चाक दोन-तीन बोटे उचलले की पुरे. जसजसे वर जाईल तसतसे ठोकळे आसाखाली आडवे-उभे रचत जा. जॅक बसला तर ट्रॉली ठोकळ्यांवर थांबली पाहिजे, माणसावर नाही. दगड आणि विटा नकोत, त्या भाराखाली अचानक फुटतात.

(ए) ठोकळे लागेपर्यंत ट्रॉलीखाली हातसुद्धा घालायचा नाही. पडलेला नट काढायलासुद्धा नाही. तोडणीवाल्यांची पोरे सोबत असतात, त्यांना दूर बसवा.

(ऐ) काम झाल्यावर पाचरी, ठोकळे आणि कोणी लावलेले दगड स्वतः मोजून उचला. रस्त्यात राहिलेल्या दगडावर रात्री सायकल-मोटारसायकलवाला जातो. तो आपल्याच गावचा कुणीतरी असतो. दगड कडेला टाकायला अर्धा मिनिट लागतो.

८. हंगामातली व पावसाळ्यातली निगा

हंगामात आठवड्यातून एकदा, गाडीतळावर नंबरची वाट बघताना सुद्धा, जॅक काढून पुसावा. उसाचा रस आणि मळी लागून राहिली तर लोखंडाला लवकर गंज चढतो. दट्ट्या नेहमी पूर्ण खाली बसवूनच पेटीत ठेवा. बाहेर राहिलेल्या दट्ट्यावर गंजाचे खड्डे पडतात आणि तेच खड्डे पुढे वॉशर कापतात. झडप हलक्या हाताने बंद असावी.

तेल कमी झाले तर दट्ट्या पूर्ण खाली असताना, जॅक उभा ठेवून, बुचाच्या भोकापर्यंत भरा. जॅकचे हायड्रॉलिक तेलच घाला. ब्रेक ऑइल अजिबात नको, ते रबर खराब करते. इंजिनचे जुने काळे तेल तर नकोच, त्यातला कचरा झडपेत बसतो. दांडी मारूनही दट्ट्या स्पंजासारखा लागत असेल तर आत हवा आहे. झडप उघडा, वजन नसताना दहा-बारा वेळा भराभर पंप मारा, झडप बंद करून पुन्हा तपासा.

हंगाम संपला की जॅक ट्रॉलीवर सोडू नका. पुसून, दट्ट्या खाली करून, उघड्या लोखंडाला तेल लावून, तेलकट कापडात गुंडाळा आणि घरात लाकडी फळीवर उभा ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरतो. खताच्या खोलीत तर मुळीच ठेवू नका. खत ओल ओढते आणि लोखंड खाते. दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी जॅकही बाहेर काढावा. रिकाम्या ट्रॉलीचे चाक उचलून, ठोकळे लावून, दहा मिनिटे तसेच ठेवून पाहावे. दट्ट्या तसूभरही खाली आला तर वॉशर बदलून घ्यावा. हळदकुंकू त्यानंतर वाहावे.

सभासद बंधूंनो, पेटी, फळी आणि ठोकळे यांचा खर्च एका टायरच्या किमतीपुढे काहीच नाही. ट्रॉली आपली असो की वाहतूकदाराची, तिच्याखाली शिरणारा पोरगा कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो. तेव्हा पहिली खेप फडातून निघण्याआधी ड्रायव्हरला एवढेच विचारा, "जॅक दाखव." तो चालत जाऊन, पेटी उघडून, फळी आणि ठोकळ्यांसह जॅक एका मिनिटात समोर ठेवू शकला, तरच ती गाडी हंगामाला तयार झाली असे समजा.